काका, युनियनची नोंदणी झाली की कंपनीला आमच्याशी बोलावंच लागेल ना?

पत्र थोडक्यात असं:

"काका, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, परमनंट होऊन तीन वर्षं झाली. आम्ही परमनंट २१२ जण, कॉन्ट्रॅक्ट आणि ट्रेनी मिळून अजून जवळपास तेवढेच. पगारवाढ म्हणजे एचआरच्या मनाला येईल ती. आम्ही व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, ७० जण झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात एचआरने तिघांना केबिनमध्ये बोलावून ग्रुपमधलेच मेसेज वाचून दाखवले. आता म्हणतात वर्क्स कमिटी आहे ना, तिथे बोला, आणि अचानक १,५०० रुपये वाढ पण जाहीर केली. एक बाहेरचे नेते म्हणतात माझा झेंडा लावा, पुढचं मी बघतो. आमच्यातला एक म्हणतो सोमवारी सरळ काम बंद करू. नोंदणी झाली की कंपनीला आमच्याशी बोलावंच लागेल ना? वडील म्हणतात गप नोकरी कर. — एक चाकणकर"

अरे बाबा, सगळ्यात आधी तो सोमवार रद्द कर. बाकीचं पत्र नंतर वाच, पण त्या मित्राला आजच फोन लाव. बिनानोटीस काम बंद केलंत तर तो बेकायदेशीर संप, आता १४ दिवस आधी लेखी नोटीस सगळीकडेच लागते, आणि दहा किंवा जास्त जण ठरवून असे गैरहजर राहिले तर कंपनी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकते. आणि "संप नको, सगळे एकदम सीएल टाकू" ही आयडिया पण कोणीतरी काढेलच, दर वेळी काढतात, तर केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत अर्ध्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी अशी रजा टाकली की तो संपच धरला जातो. पण खरं नुकसान वेगळंच आहे. युनियनच्या मान्यतेचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, त्यात लिहिलंय की अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत ज्या युनियनने बेकायदेशीर संपाला चिथावणी किंवा मदत दिली तिला मान्यता, म्हणजे कंपनीशी वाटाघाट करायचा हक्क, मिळत नाही. म्हणजे एका सोमवारच्या जोशापायी अर्धं वर्ष गेलं, आणि कंपनी नेमकी त्याचीच वाट बघत असते.

आता तुझा प्रश्न. नाही, नुसत्या नोंदणीने कंपनीला बोलावंच लागेल असं काही होत नाही. नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी, आणि ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत चाकण-भोसरी पट्ट्यातल्या किती युनियन मेल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं, पेढे वाटले, कंपनीने सांगितलं अभिनंदन, पण आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

नोंदणी सोपी आहे. किमान सात जणांच्या सह्या लागतात, आणि अर्जाच्या दिवशी कंपनीतले दहा टक्के किंवा शंभर कामगार, ह्यातला जो आकडा लहान असेल तेवढे सभासद लागतात. २१२ चे दहा टक्के म्हणजे २२, तुमच्याकडे ७० आहेत, तो प्रश्न मिटला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात गेला, पण हे आकडे जुनेच राहिलेत. पहिली जनरल मीटिंग घ्यायची, तिच्यात ठराव करायचा, घटना मंजूर करायची म्हणजे नाव, उद्देश, वर्गणी किती, पैसे कशावर खर्च करायचे, निवडणूक कशी, हिशेब कोण तपासणार, युनियन बंद करायची झाली तर कशी. पदाधिकाऱ्यांची यादी वय-पत्त्यासकट लावायची आणि अर्ज रजिस्ट्रारकडे. घटना तयार मिळते, कुठल्याही जुन्या युनियनकडून माग, पण स्वतः वाच, नुसतं नाव बदलून चिकटवू नकोस, आमच्या एका शेजारच्या युनियनच्या घटनेत शेवटपर्यंत दुसऱ्याच कंपनीचा पत्ता राहिला होता.

सह्या करणारे सात जण मात्र नीट निवडा. प्रोबेशनवाला नको, त्याला काढायला कंपनीला कारण पण शोधावं लागत नाही. ज्याच्यावर आधीच चार्जशीट आहे तो नको. सातही एकाच लाईनचे, एकाच शिफ्टचे, एकाच जिल्ह्याचे नकोत, नाहीतर बाकीचे म्हणणार ही बीडवाल्यांची युनियन. लाईनवर मुली असतील तर त्यांच्यातली किमान एक पहिल्या दिवसापासून कमिटीत, नंतर "घेऊ" म्हणून घेत नाही कोणी. आणि अर्ज टाकला त्या दिवशी कंपनीला सातही नावं कळली असं धरूनच चाला.

नावावरून पण अडतं कधीकधी. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कामगारांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संप केला, महिनाभराहून जास्त चालला, त्यातली एक मोठी मागणी फक्त युनियनची नोंदणी एवढीच होती, आणि कंपनीची हरकत काय तर आमचं नाव वापरू नका. नोंदणी झाली जानेवारी २०२५ मध्ये, हायकोर्टापर्यंत जाऊन. तुम्हाला अशी लढाई हौसेने घ्यायचं कारण नाही.

आता मान्यता, म्हणजे खरी भाकरी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात (आमच्यात त्याला सगळे एमआरटीयू म्हणतात) ५० किंवा जास्त कामगारांच्या कंपनीत युनियनने इंडस्ट्रियल कोर्टात अर्ज करायचा, आणि दाखवायचं की अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने आपल्याकडे किमान ३० टक्के सभासद होते. तुमच्यात ६४. दुसरी युनियन पण असेल तर तिच्यापेक्षा जास्त. एकदा मान्यता मिळाली की तुमच्याशी प्रामाणिकपणे वाटाघाट न करणं हीच कंपनीची अनुचित कामगार प्रथा ठरते, तिच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, गेटच्या आत नोटीस बोर्ड लावता येतो, वर्गणी गोळा करता येते. नव्या संहितेत हिशेब वेगळा आहे, एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरचे ५१ टक्के जिच्याकडे ती एकटी वाटाघाटीची युनियन, आणि कोणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्के किंवा जास्त पाठिंबा असलेल्यांची मिळून कौन्सिल. संहितेने जे तीन कायदे रद्द केले ते केंद्राचे आहेत, आपला १९७१ चा त्या यादीत नाही, त्यामुळे कुठलं कलम कुठे चालतं ह्यावर वकील लोक अजून बरीच वर्षं फी घेतील. तू त्यात पडू नकोस. तू सरळ १०९ चा आकडा धर, म्हणजे २१२ चे ५१ टक्के, खरं तर १२५ धर कारण दहा-पंधरा जण ऐन वेळी गळतातच. तेवढे असले की कुठल्याही दाराने गेलास तरी आत जाशील.

आणि सभासद म्हणजे काय हे नीट समजून घे. व्हॉट्सॲप ग्रुपमधले ७० म्हणजे सभासद नाहीत, गेट मीटिंगला टाळ्या वाजवणारे पण नाहीत. दर महिन्याला जो वर्गणी भरतो आणि ज्याची पावती फाटते तो सभासद. १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी कमीत कमी वर्गणी आहे महिना ५० पैसे, अर्धा रुपया, हसू नकोस. तुम्ही ५० रुपये ठेवा, कामाला लागतात, पण पावती हवीच.

हे मी एवढं का बोलतोय ते ऐक. १९९४ ला आम्ही पहिल्यांदा मान्यतेचा अर्ज लावला तेव्हा मी खजिनदार होतो, वय तुझ्याएवढंच. माणसं आमच्याकडे ढिगाने होती, कॅन्टीनमध्ये एक हाक मारली की ताटं खाली ठेवायचे. पावत्यांचा मात्र कंटाळा. महिन्याच्या महिन्याला कोण फाडणार, सगळे आपलेच तर आहेत. वकिलाने तारीख सांगितली तसं मी एका रात्रीत घरी बसून जानेवारी ते जून सहा महिन्यांच्या पावत्या लिहून काढल्या, बायको कार्बन सरकवत होती, आणि दोन दिवसांत लोकांच्या सह्या घेतल्या. मग कोर्टाचा अधिकारी तपासणीला आला, दुसऱ्या युनियनचा वकील शेजारी बसलेला, म्हातारा माणूस, त्याने काही बोलायच्या आधी स्थळप्रती नुसत्या उलगडल्या पत्त्यांसारख्या. एक शाई, एक अक्षर, एक दाब. मग त्याने मस्टर मागितलं आणि एका माणसाच्या नावावर बोट ठेवलं. १४ मेची पावती, त्याची सही, आणि मस्टरला तो माणूस १० मे ते २५ मे गावी, लग्नाला, रजेवर. आमच्या वकिलाने माझ्याकडे बघितलं तो चेहरा मला अजून आठवतो. माणसं खरी होती, पाठिंबा खरा होता, पैसे पण बहुतेकांनी दिलेले होते, पण ती गठ्ठीच बाद झाली आणि आम्ही ३० टक्क्यांच्या खाली. दुसऱ्या अर्जापर्यंत वर्ष गेलं आणि त्या वर्षात कंपनीने आमचे चार जण फोडले.

म्हणून दर महिन्याला, पगार झाल्यावर चार दिवसांत, ज्याच्या त्याच्यासमोर पावती. प्रत्येक लाईनला एक पुस्तक, वेगवेगळ्या माणसाच्या हातात, नंबर छापलेलं. सभासद रजिस्टर, कॅशबुक, आणि नोंदणी झाल्यावर युनियनच्या नावाचं बँक खातं, त्यात जमा झालेली रक्कम त्या महिन्याच्या पावत्यांशी जुळली पाहिजे. आता तुम्ही पोरं सगळं फोनवरून करता, चांगलंय, पण कोणाच्या खासगी नंबरवर वर्गणी घेऊ नका, कितीही विश्वासाचा असला तरी. महिना ५० रुपये गुणिले सव्वाशे म्हणजे सहा हजाराच्या वर होतात, आणि "पैसे खाल्ले" ही अफवा पसरवायला कंपनीला चहाचा कप पुरतो. कमिटीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा आणि तिचं इतिवृत्त लिहिलेलं, हे पण कायद्यातच आहे. सहा महिने मोजायचे ते नोंदणीच्या तारखेनंतर मोज, आधीच्या पावत्यांवर भांडण नको.

ह्या कागदाला एवढी किंमत कशी आली त्याची एक गोष्ट आहे, दोन मिनिटं सहन कर. तुला जी आठवड्याची सुट्टी मिळते ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीतून आलेली, मुंबईच्या गिरण्यांना १० जून १८९० ला रविवार मिळाला. पण त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना फंड, ना नियम. माणूस मोठा होता म्हणून चाललं. मग मद्रासला १९१८ मध्ये बी. पी. वाडियांनी युनियन काढली, बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या झगड्यात मालकांनी वाडियांनाच कोर्टात खेचलं, आणि कामगारांना संघटित करणं हाच जणू गुन्हा असल्यासारखा कोर्टाने मनाई हुकूम दिला. तेव्हा आपले ना. म. जोशी, ज्यांच्या नावाचा रस्ता लोअर परळला आहे, त्यांनी १९२१ मध्ये दिल्लीच्या असेंब्लीत मागणी लावली की नोंदणीकृत युनियनला संरक्षण द्या, आणि कायदा झाला १९२६ ला. म्हणजे नोंदणीचा खरा उपयोग तो आहे, कायदेशीर युनियन काम केलं म्हणून कट केला, करार मोडायला लावला असले दावे तुमच्या पदाधिकाऱ्यांवर टिकत नाहीत. ढाल आहे ती. तलवार मान्यतेत आहे.

आणि मान्यता दुसऱ्याकडे असली की काय होतं ते १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सगळ्या मुंबईने बघितलं. अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे, रस्त्यावर दुसरं कोणी दिसत नव्हतं, पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालक म्हणाले आम्ही बोलणार तर त्यांच्याशीच. तो कायदाच रद्द करा ही संपातली एक मुख्य मागणी होती. माझे चुलते त्यात होते, परळहून कायमचे साताऱ्याला परत गेले, जाऊदे.

तर आता तुझ्या बाकीच्या गोष्टी.

वर्क्स कमिटी म्हणजे युनियन नाही. शंभर कामगारांच्या कंपनीत ती कायद्यानेच काढायला लावू शकतात, कॅन्टीन, पाण्याचा नळ, लॉकर ह्यावर बोलायला चांगली आहे, पगाराचा करार करायचा अधिकार तिला नाही. तिच्यात जाऊन बसा, बहिष्कार घालू नका, आतली माहिती मिळते. फक्त तिच्यात पगारावर सही करू नका.

ते १,५०० रुपये घ्या. आनंदाने घ्या. युनियन उभी राहत असताना ती मोडायला म्हणून पगारवाढ देणं ही कंपनीची अनुचित प्रथा म्हणून कायद्यात लिहिलेली आहे, तसंच युनियनमध्ये गेलास तर काढून टाकू अशी धमकी, कंपनीनेच आपली युनियन उभी करणं, किंवा हेतू वाईट ठेवून बदली. तक्रार घटना घडल्यापासून ९० दिवसांत करायची असते, त्यामुळे त्या तिघांना केबिनमध्ये बोलावलं त्याची तारीख, वेळ, कोण कोण होतं, काय शब्द वापरले हे आज रात्रीच वहीत लिहून ठेवा, तिघांनी वेगवेगळं. लगेच केस टाका असं मी म्हणत नाही. पण लोकांना मात्र जरूर सांगा की बघा, अजून नोंदणी पण झाली नाही आणि दीड हजार आले. ह्याच्यापेक्षा चांगली जाहिरात मी तरी बघितली नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू नका, त्याच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा टाका. कामाचं समोरासमोर बोला, सुट्टीच्या दिवशी, कोणाच्या तरी खोलीवर, आठ-दहा जणांत. शिफ्टच्या वेळेत लाईनवर अजिबात नाही, तेवढ्यावर चार्जशीट येते. कोणाला आलीच तर उत्तर स्वतः लिहून पाठवू नका, वकिलाला किंवा जाणत्या माणसाला दाखवून मुदतीत द्या. सस्पेंड केलं तर इन्क्वायरी चालू असेपर्यंत पहिले ९० दिवस अर्धा पगार, नंतर उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के, असं नव्या संहितेत आहे, पण ते कलम ३०० किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला, तुमच्याकडे काय लागू ते वकिलाला विचारून ठेवा. हे आधीच घरी सांगून ठेवा, बायकोला अचानक कळलं की अर्धी युनियन तिथेच संपते.

बाहेरचे नेते. मी त्यांच्या विरोधात नाही, कंपनीसमोर बसून न घाबरता बोलणारा माणूस लागतो आणि पहिल्या करारात तुम्हाला ते जमणार नाही. पण तुमच्यासारख्या कंपनीच्या युनियनमध्ये बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, ह्यातला लहान आकडा, त्याच्यापुढे चालत नाहीत. सात जणांच्या कमिटीत दोन. जनरल सेक्रेटरी आणि खजिनदार तुमच्यातलेच ठेवा, चेकबुक आणि पावती पुस्तकं तुमच्या कपाटात. "पुढचं मी बघतो" असं जो म्हणतो त्याला विचार, शेवटचा करार कुठे केलात, किती वर्षांचा, आणि त्या कंपनीतल्या कामगाराचा नंबर द्या. दिला आणि तो कामगार चांगलं बोलला तर झेंडा त्यांचाच लावा, काय बिघडलं.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं तू पत्रात एका ओळीत उरकलंस, ते मला खटकलं. कायद्याने अवघड आहे खरं, अप्रेंटिस कामगार धरलाच जात नाही, आणि कॉन्ट्रॅक्टचा माणूस कंपनीचाच कामगार आहे हे कंपनीला मान्य नसेल तर एमआरटीयूखाली त्याची तक्रार टिकत नाही, सुप्रीम कोर्टाचे २००१ चे निकाल तसे आहेत. त्यामुळे तुमच्या २१२ मध्ये ते मोजले जाणार नाहीत. पण उद्या तुम्ही रीतसर नोटीस देऊन संपावर गेलात तर मशीन कोण चालवणार आहे? त्यांच्याशी आत्तापासून बोला, मागणीपत्रात त्यांच्या बसचा, कॅन्टीनचा, पीएफचा मुद्दा घाला, आणि घाला म्हणजे शेवटच्या पानावर नाही. आमच्या पिढीने हे केलं नाही म्हणून तुमच्या कंपनीत आज निम्मे लोक कॉन्ट्रॅक्टवर आहेत.

मान्यता मिळाली की मग मागणीपत्र, मग बैठका, मग कंपनी म्हणणार मार्केट डाऊन आहे, मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसात समेट, तिथे होणाऱ्या कराराला जुनी माणसं अजून "बारा-तीन" म्हणतात (१९४७ च्या जुन्या कायद्याचं कलम १२(३)), तो सगळ्या कामगारांना लागू होतो, सभासद असो नसो. आपल्या पट्ट्यात करार बहुतेक तीन वर्षांचे असतात. आमच्या पहिल्याला अकरा महिने लागले आणि मिळाले मागितल्याच्या निम्मे. त्यावर वेगळं पत्र पाठव, ते ह्या उत्तरात मावणार नाही.

वडिलांना सांग, त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, नोकरी करच, आणि चोख कर. लेट पंच नको, रिजेक्शन नको, सुपरवायझरशी तोंडातोंडी नको. युनियनवाल्याचं रेकॉर्ड स्वच्छ लागतं, बाकीच्यांपेक्षा जास्त.

ह्या आठवड्यात एवढंच कर: सात नावं काढ, एक जुनी घटना मिळव, आणि पावती पुस्तकं छापायला देशील तेव्हा स्थळप्रत जाड कागदाची माग, ती वर्षभर खिशात राहून फाटते. आणि प्रत्येक लाईनच्या माणसाला स्वतःचं पेन वापरू दे.